मध सोडला, भीतीचं काय?



थंडीच्या दिवसांत आपल्या कोल्हापुरात इमारतींच्या माथ्यावर आग्यामोहोळं दिसू लागतात. पाण्याच्या टाकीखाली, जिन्याच्या छज्जाला, शेजारच्या वडावर. उन्हाळ्यापर्यंत ती सुपाएवढी, मग खाटेएवढी होतात. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरतो, कुणीतरी लिहितं, "आजच माणूस बोलवा आणि जाळून टाका." आणि दुसऱ्या दिवशी स्वाध्यायाला कुणीतरी हळूच विचारतं, "काकू, पोळं जाळायला सांगितलं तर आपल्याला दोष लागतो का? आपण तर मध खातच नाही."

प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्यामागे हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे. आपल्या आचार्यांचा आहे, मध काढणाऱ्यांचा आहे आणि माशीला घाबरणाऱ्या माणसांचाही आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

सात गावं का?

मधाचा एक थेंब खाल्ला तर सात गावं जाळल्याचं पाप लागतं, हे आपण सगळ्यांनीच आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. लहानपणी मला यातल्या 'जाळणं' या शब्दाचं नवल वाटायचं. चोरी केल्याचं पाप म्हणता आलं असतं, मारल्याचं म्हणता आलं असतं. जाळल्याचंच का?

याचं उत्तर जुन्या काळी मध काढायचे कसे, त्यात आहे. रात्रीच्या अंधारात लांब बांबूला वाळलेलं गवत किंवा चिंध्या बांधून पलिता करायचा, तो मोहोळाखाली धरायचा. पंख जळालेल्या माश्या खाली पडायच्या, उरलेल्या उडून जायच्या. मग पोळं कापून फडक्यात घालून पिळायचं. त्यात मध असायचा, तशी अंडीही असायची आणि अळ्याही. एका मोठ्या आग्यामोहोळात हजारोंनी माश्या राहतात. त्यांची राणी, त्यांची पिलं, त्यांचं धान्याचं कोठार, सगळं एका ठिकाणी. जुन्या लोकांनी त्याला गाव म्हटलं आणि मध काढण्याला गाव जाळणं म्हटलं. ती भाषा अतिशयोक्तीची वाटते खरी, पण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरूनच ती आली असावी, असं मला वाटतं.

शास्त्रात तर हे पायापासून आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले. त्यात पाच अणुव्रतांच्या जोडीला मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराला आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात या तीन त्यागांच्या जोडीला पाच उदुंबर फळांचा त्याग ठेवला. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात गृहस्थांसाठी हीच शिकवण पुन्हा मांडली. म्हणजे दारू आणि मांस यांच्याच पंक्तीला मध बसवलेला आहे. दुसऱ्या घरच्या सुना जेव्हा विचारतात, "मध तर औषध आहे, तो का नको?" तेव्हा हे सांगावं लागतं.

पाच उदुंबर म्हणजे वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर. यांची फळं फोडली की आत बारीक किडे दिसतात, म्हणून ती वर्ज्य. आजचं वनस्पतिशास्त्र सांगतं की त्या फळाच्या आत बारीक फुलं असतात आणि एक अगदी छोटी माशी आत शिरून त्यांचं परागीकरण करते, तिथेच अंडी घालते. ही माशी गांधीलमाशीच्याच मोठ्या कुळातली. उंबराला फूल दिसत नाही म्हणतात, ते फूल त्या माशीला दिसतं! आपल्या आचार्यांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण फळ खाण्याआधी फोडून बघण्याची सवय होती.

आपल्या यादीतली माशी

आपल्याकडे जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून होते. अळीला दोन इंद्रियं, मुंगीला तीन, भुंग्याला आणि माशीला चार: स्पर्श, रस, घ्राण आणि चक्षू. कान नाही आणि मन नाही. आजचं विज्ञानही म्हणतं की मधमाशीला आपल्यासारखे कान नसतात. तिला कंपनं कळतात, ती पायांनी आणि मिशांसारख्या स्पृशांनी.

पण एक गोष्ट आपण विसरतो. चार संज्ञा सगळ्या संसारी जीवांना असतात: आहार, भय, मैथुन आणि परिग्रह. म्हणजे माशीलाही भय आहे. आपण गॅलरीत उभ्या राहून "अगं बाई, केवढं मोठं मोहोळ" म्हणून घाबरतो, तेव्हा भीती एकाच बाजूला नसते.

आणखी एक गंमत बघा. आपल्या मुनिमहाराजांच्या आहाराला जी वेगवेगळी नावं आहेत, त्यात एक आहे भ्रामरी वृत्ती. भुंगा जसा फुलाला इजा न करता थोडा थोडा रस घेतो, तसा साधूने दात्याला भार न होता आहार घ्यावा. ज्या जिवाला बघून आपण दार लावून घेतो, तोच आपल्या गुरूंच्या आहारचर्येचा दाखला आहे.

विहिरीतला माणूस

भीतीबद्दल बोलायचं तर मधुबिंदूचा दृष्टांत आठवायलाच हवा. कित्येक मंदिरांत त्याचं चित्र असतं. रानात वाट चुकलेल्या माणसाच्या मागे हत्ती लागतो. पळता पळता तो एका विहिरीत पडतो आणि झाडाच्या पारंबीला लोंबकळत राहतो. खाली अजगर तोंड उघडून बसलेला, चार बाजूंना चार साप. वर एक काळा आणि एक पांढरा उंदीर पारंबी कुरतडतायत. हत्ती रागाने झाड हलवतो, त्यामुळे वरचं मोहोळ उठतं आणि माश्या त्या माणसाला डसायला लागतात. तेवढ्यात मधाचा एक थेंब ओघळून त्याच्या ओठावर पडतो, आणि तो सगळं विसरून दुसऱ्या थेंबाची वाट बघत राहतो. वरून विद्याधर हात देतो, तरी हा म्हणतो, थांबा, एवढा एक थेंब.

ही कथा श्वेतांबरांकडे वसुदेवहिंडीत आणि आचार्य हेमचंद्रांच्या परिशिष्टपर्वात आहे, आपल्याकडे आचार्य अमितगतींच्या धर्मपरीक्षेत आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला अशीच गोष्ट सांगतो. ती इथून निघून इराण, अरबस्तान करत युरोपात पोहोचली आणि रशियाच्या टॉलस्टॉयनेही आपल्या आत्मकथनात तिचा आधार घेतला.

दृष्टांतात माश्या म्हणजे रोग आणि दुःखं, मध म्हणजे विषयसुख. पण शब्दशः वाचली तर एक साधी गोष्ट दिसते. मोहोळ आपणहून उठलं नाही. हत्तीने झाड हलवलं म्हणून उठलं. दोन हजार वर्षं मोहोळ उठण्याच्या बहुतेक हकिकतींमध्ये असा एखादा हत्ती असतोच.

जेव्हा मोहोळ खरंच उठलं

भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या भाषेत 'आग्यामोहोळ उठणं' हा वाक्प्रचार उगाच नाही आला.

जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. त्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या पाहणीसाठी आलेला बॉडिंग्टन नावाचा इंग्रज अभियंता तिथे माश्यांच्या तावडीत सापडला, जीव वाचवायला नदीत उतरला आणि बुडून गेला. जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७१ च्या पुस्तकामुळे भेडाघाटच्या माश्या दूरवर माहीत झाल्या. पुढे किपलिंगने १८९५ च्या 'सेकंड जंगल बुक'मध्ये मोगलीकडून रानकुत्र्यांच्या टोळीला अशाच कड्यावरच्या माश्यांच्या तोंडी दिलं. नातवंडांना मोगली माहीत असतो, हा प्रसंग मात्र सहसा माहीत नसतो.

आपल्याकडच्या किल्ल्यांवर आणि लेण्यांमध्ये तर हे अधूनमधून घडतच असतं. २०२५ च्या मार्चमध्ये शिवजयंतीसाठी शिवनेरीवर गेलेल्या शिवभक्तांवर माश्या तुटून पडल्या आणि कित्येकांना दवाखान्यात न्यावं लागलं. अशा बातम्या बारकाईने वाचल्या तर कारणं तीच तीच सापडतात. कुणी खाली चूल पेटवून धूर केला, कुणी फटाका लावला, कुणी दगड मारला, कुठे अत्तराचा उग्र वास. कधी माणसाचा काही दोषही नसतो. मोहोळ खाणारा मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून निघून जातो आणि खालून जाणारा वाटसरू सापडतो.

जगात सगळ्यात गाजलेली भीती ब्राझीलची. तिथे १९५६ मध्ये वॉरविक केर या शास्त्रज्ञाने जास्त मध देणारी जात तयार करण्यासाठी आफ्रिकेतून राणीमाश्या आणल्या. १९५७ मध्ये २६ वसाहती निसटल्या. त्यांची प्रजा स्थानिक माश्यांत मिसळत उत्तरेला सरकत गेली आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या टेक्सासपर्यंत पोहोचली. वर्तमानपत्रांनी त्यांना खुनी माश्या असं नाव ठेवलं, सिनेमे निघाले. माणसं आणि जनावरं दगावली हेही खरं. पण पुढचा भाग कुणी फारसा सांगत नाही. ब्राझीलच्या मधपाळांनी पेट्या वस्तीपासून लांब नेल्या, जाड कपडे आणि जास्त धूर वापरायला शिकले, आणि त्याच माश्यांवर त्यांचा मधाचा धंदा वाढला. माशी तीच राहिली, माणसांनी रीत बदलली.

ती डसते का?

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे कुठल्याही व्यवहारात कुणाला काय पडलं हे आधी बघते. मधमाशीच्या डंखाचा हिशेब मांडला तर तो तिच्यावरच उलटतो. डसते ती फक्त मादी, म्हणजे कामकरी माशी. तिच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे नांगी आपल्या कातडीत रुतते, पोटाचा भाग तुटून तिथेच राहतो आणि माशी मरते. एका डंखाची किंमत एक जीव. असा सौदा कुणी उगाच करत नाही. आपल्या घरासाठीच करतं.

तुटलेल्या नांगीबरोबर एक वास सुटतो. १९६२ मध्ये शास्त्रज्ञांनी तो ओळखला, पिकलेल्या केळ्यासारखा असतो. त्या वासावर बाकीच्या माश्या धावून येतात. म्हणून एक डसली की लगेच दहा येतात. त्यात सूड नाही. मन नसलेला जीव सूड कसा घेणार? तो धोक्याचा भोंगा आहे, एवढंच.

गांधीलमाशीचं वेगळं. तिची नांगी गुळगुळीत, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते. खिडकीच्या कोपऱ्यात कागदासारखं करड्या रंगाचं छोटं घरटं असतं ते तिचं. आणि देवघराच्या फोटोमागे मातीचं मडकं करून ठेवते ती कुंभारमाशी. ती एकटी राहते, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. सगळ्यांना एकाच झाडूने झोडपायचं कारण नाही.

आग्या माशीची आणखी एक खूण आहे. तिचं पोळं उघड्यावर, एकच मोठं, आणि त्यावर माश्यांचा जाड पडदा. मोठी गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून एक लाट सरकते, शेतातल्या जोंधळ्यावरून वारा जावा तशी. ती लाट म्हणजे इशारा. डसण्याआधी त्यांनी सांगून ठेवलेलं असतं.

न मारता मध: हाही इतिहास

जुनी रीत जगभर सारखीच होती. युरोपातही टोपलीतल्या माश्या गंधकाच्या धुराने मारून मध काढत. १८५२ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी तयार केली. दोन चौकटींत नेमकी किती फट ठेवली की माश्या ती बुजवत नाहीत, हे त्याने हेरलं. मग पोळं न मोडता चौकट काढायची, यंत्रात फिरवून मध काढायचा, चौकट परत ठेवायची. माश्या जिवंत राहू लागल्या.

आपल्याकडे हे काम ग्रामोद्योगाच्या वाटेने आलं. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मधमाशीपालन त्यातला एक उद्योग झाला. स्वातंत्र्याच्या सुमाराला महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवायला सुरुवात झाली. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली. आग्या माशी पेटीत राहत नाही, तेव्हा तिचं मोहोळ न जाळता, फक्त मधाचा भाग कापून घ्यायची रीत वर्ध्याच्या कार्यकर्त्यांनी मेळघाटातल्या आदिवासींना शिकवली. मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळच्या मांघरला मधाचं गाव म्हणून घोषित केलं, आणि त्यानंतर आपल्याच जिल्ह्यातलं भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. मौनी महाराजांच्या मठामुळे आपल्याला माहीत असलेलं हे गाव आता मधाच्या पेट्यांसाठी ओळखलं जातं.

मग पेटीतला मध चालेल का, असं सुना विचारतात. अमृतचंद्राचार्यांनी हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच गृहीत धरलेला दिसतो. मध पोळ्यातून आपोआप गळलेला असला किंवा युक्तीने मिळवलेला असला, तरी त्यात आश्रय घेतलेल्या जिवांची हिंसा आहेच, असं ते सांगतात. तेव्हा आपल्या ताटाचा नियम बदलत नाही. कामकरी माशी आयुष्यभर राबून चहाच्या चमच्याचा बारावा भाग एवढाच मध करते असं म्हणतात. तिचा तो घास तिच्यापाशीच राहू दे. पण ज्या माणसांनी पलिता खाली ठेवला आणि माश्या वाचवल्या, त्यांचं ऋण मात्र आपण मानायला हवं. मध न खाणाऱ्या आपण ज्या माश्यांना जाळतो, त्यांना मध खाणारी ही माणसं जगवतात, हा विचार जरा टोचतो.

दोन दारं

इथे मूळ प्रश्नाशी येते. आचार्यांनी मध वर्ज्य केला तेव्हा मोहोळ जाळण्याचं कारण लोभ होतं. ते दार त्यांनी बंद केलं, आणि आपण पिढ्यान् पिढ्या ते बंद ठेवलं. पण शहरात आज मोहोळ जाळतात ते मधासाठी नव्हे, भीतीपोटी. पलिता तोच, कधी त्याजागी औषधाचा फवारा, माश्या त्याच, खाली पडणारा सडाही तोच. फक्त मध नंतर कचऱ्यात जातो. सात गावांच्या हिशेबात मध कुणी खाल्ला हा रकाना रिकामा राहिला, तरी गावं जळाली हा रकाना भरतोच.

आपल्याकडे भय हे नोकषायांत मोजलं आहे. हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा या ओळीत ते बसतं. म्हणजे क्रोध-लोभाचं धाकटं भावंड. लोभाने केलेली हिंसा आपल्याला चटकन दिसते, भीतीने केलेली दिसत नाही, कारण भिणारा स्वतःला बिचारा समजत असतो.

पण गृहस्थाचा धर्म मुनींचा नाही, हेही शास्त्राने मानलं आहे. हिंसेचे चार प्रकार आपण पाठ केलेले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायचीच आहे. स्वतःच्या आणि घरच्यांच्या रक्षणासाठी नाइलाजाने होते ती विरोधी हिंसा, तिची त्याला सर्वस्वी बंदी नाही. मग मोहोळ जाळणं कुठे बसतं? माझ्या मते हे मोहोळावर नाही, आपण आधी काय काय करून पाहिलं यावर ठरतं. दुसरा उपाय शोधलाच नाही आणि फोन उचलला, तर त्याला विरोधी हिंसा म्हणणं म्हणजे खोट्या खात्यावर खर्च टाकणं.

आमच्याच इमारतीतलं सांगते. एका वर्षी दोन मोहोळं लागली. एक टाकीखाली, उंच. दुसरं चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीच्या अगदी शेजारी, आणि त्या घरातल्या सुनेला आधी एकदा माशी चावून घसा सुजला होता, दवाखान्यात दोन दिवस काढले होते. मीटिंगमध्ये दोन्ही जाळा म्हणणारे होते, एकाला सुद्धा हात लावू नका म्हणणारेही होते. दोघांचंही पटण्यासारखं नव्हतं. त्या मुलीला "अहिंसा पाळ" असं आपण तिच्या जिवावर सांगू शकत नाही. शेवटी टाकीखालचं ठेवलं, गच्चीला कुलूप लावलं, त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी बसवली. खिडकीजवळचं मात्र माहितगार माणसाकडून, न जाळता, काढून घेतलं. माश्या उडून गेल्या. पोळ्यातली अंडी-पिलं वाचली नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचा दोष आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला, जसा जाळीचा खर्च वाटून घेतला. टाकीखालचं मोहोळ पुढे उन्हाळ्यात एक दिवस आपोआप रिकामं झालं. आग्या माश्या कायम एका जागी राहत नाहीत. फुलोरा संपला की लांब निघून जातात आणि पुढच्या हंगामात बऱ्याचदा त्याच जागी येतात. म्हणून रिकामं पोळं लगेच काढून जागा स्वच्छ करावी. गाव ओस पडल्यावर घर पाडलं तर कुणी मरत नाही.

घरात लक्षात ठेवायच्या गोष्टी

मोहोळ उंचावर आणि वाटेपासून लांब असेल तर राहू द्या. मुलांना दगड मारू देऊ नका, खाली कचरा पेटवू नका. आग्या माश्या रात्री दिव्याकडे येतात, तेव्हा त्या बाजूच्या गॅलरीतला दिवा बंद ठेवा, पडदा ओढा. घरात एखादी आली तर खोलीतला दिवा मालवून खिडकी उघडा, ती उजेडाकडे निघून जाईल. पंचकल्याणक पूजा किंवा विधानासाठी मांडव घालताना आधी वरच्या झाडाकडे बघा, आणि आचाऱ्याची भट्टी मोहोळाच्या खाली लावू देऊ नका.

माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड आणि डोळे पदराने झाका आणि सरळ बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, बॉडिंग्टनचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. नांगी राहिली असेल तर नखाने ताबडतोब काढा, कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं, कारण नांगीतून विष आत जात राहतं. साबणाने धुवा, थंड पाण्याची घडी ठेवा. कांदा चोळा असं कुणी सांगेल, तो आपल्या घरात नसतोच, आणि नसल्याने काही अडत नाही. पण ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, अंगावर गांध्या उठल्या, चक्कर आली, किंवा खूप माश्या चावल्या, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका, थेट दवाखाना. एखाद्याच्या शरीराला एका डंखाचंही विष सहन होत नाही. फ्रान्सच्या शार्ल रिशे यांनी अशा उलट्या प्रतिक्रियेला १९०२ मध्ये नाव दिलं आणि त्या कामासाठी त्यांना १९१३ चं नोबेल मिळालं. ज्यांना आधी असं झालं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेवावं, त्यात भित्रेपणा नाही.

आणि काढायचीच वेळ आली तर वॉचमनला शंभर रुपये देऊन पलिता लावू नका. माहितगार माणूस शोधा, न जाळता काढणार का हे आधी स्पष्ट विचारा. दोन दिवस जास्त लागतील, चार पैसे जास्त जातील.

आपल्या आज्यांनी मधाच्या थेंबाला नाही म्हणताना औषधाचा गुण, चव, पाहुण्यांचा आग्रह, सगळं बाजूला ठेवलं. त्या नकाराने किती मोहोळं वाचली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आपल्या वाट्याला त्यापेक्षा सोपं काम आलं आहे: एक हंगाम खिडकी लावून ठेवायची आणि घाईचा एक फोन करायचा नाही. तुमच्या इमारतीत मोहोळ असेल तर या वर्षी मीटिंगमध्ये हे बोलून बघा, आणि काय ठरलं ते मला नक्की कळवा.